मायक्रोबायोलॉजीत एमडी केलं तर पुढे काय?

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. तिची नाशिकमधली इंटर्नशिप संपत आली आहे आणि एमडी-एमएस प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेचा निकाल लागला आहे. तिला बालरोग हवं होतं, पण रँक बघता सरकारी कॉलेजात ते मिळणं कठीण आहे. मायक्रोबायोलॉजी (जंतूंचा अभ्यास) किंवा पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची शाखा) बहुतेक मिळेल. वडील म्हणतात, द्राक्षबागेचा एक तुकडा विकू, पण पेशंट तपासणारीच शाखा घे. मामा म्हणतात, आणखी एक वर्ष अभ्यासाला बस. तिने विचारलंय, "मॅडम, पेशंट न बघणाऱ्या शाखेत एमडी करून खरंच करिअर होतं का, की नुसती नावापुढे डिग्री लागते?" जाता जाता मावसभावाचंही विचारलंय. तो बी.एस्सी. झालाय आणि वैद्यकीय महाविद्यालयातली तीन वर्षांची एम.एस्सी. करावी का या विचारात आहे.

मी मायक्रोबायोलॉजीतच एमडी केलं आणि गेली बरीच वर्षं नाशिकमध्ये शिकवणं आणि हॉस्पिटलची लॅब सांभाळणं अशी दोन्ही कामं करते आहे. त्यामुळे माझं झुकतं माप कुठे पडणार हे उघड आहे. तेवढं धरून पुढचं वाच.

करिअर होतं, आणि चांगलं होतं. मात्र 'दुसरं काही मिळालं नाही' म्हणून आलेल्यांचं होत नाही. दर वर्षी असे दोन-चार रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारे डॉक्टर, बघायला मिळतात. बेंचवर जंतू वाढवायच्या प्लेटा पडलेल्या असतात आणि ड्रॉवरमध्ये नीट-पीजीचे प्रश्नसंच. तीन वर्षांनी हातात डिग्री असते, पण स्लाइड बघून ठामपणे बोलायची सवय लागलेली नसते. बाहेर हॉस्पिटलवाले पहिल्या महिन्यातच हे ओळखतात. म्हणून शाखेला भविष्य आहे का, याच्या आधीचा प्रश्न असा की त्या शाखेचं रोजचं काम तुला आवडेल का. आणि ते काम नेमकं काय असतं, हे एमबीबीएसमध्ये नीट दिसत नाही. दुसऱ्या वर्षी आपण पॅरासाइटची चित्रं काढतो, जर्नल पूर्ण करतो आणि विषय विसरून जातो.

म्हणून जरा जवळून सांगते. ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची, बाटली मशीनने पॉझिटिव्ह दाखवली की तिच्यातला थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग ॲसिटोन आणि शेवटी सॅफ्रनिन. पाच-सात मिनिटांत स्लाइड मायक्रोस्कोपखाली येते. जांभळ्या गोळ्यांचे घोस दिसले तर स्टॅफिलोकोकसची शंका, गुलाबी दांडके दिसले तर क्लेबसिएला किंवा ई. कोलायच्या घराण्यातलं काहीतरी. रिपोर्ट टाइप करत बसायचं नाही, लगेच वॉर्डात फोन लावायचा. कोणतं अँटिबायोटिक चालेल याचा पूर्ण रिपोर्ट यायला अजून एक-दोन दिवस लागणार असतात आणि एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातल्या, बाळाकडे तेवढा वेळ नसतो. "गुलाबी दांडके आहेत, तुम्ही दिलेलं औषध याला पुरणार नाही" हे एक वाक्य उपचार फिरवतं.

एका नवजात शिशू विभागात एकाच आठवड्यात तीन बाळांच्या रक्तात क्लेबसिएला वाढला. तिन्ही जंतूंना जी औषधं लागू पडत नव्हती त्यांची यादी एकसारखीच होती. याचा अर्थ जंतू एकाच जागेवरून येत होता. आम्ही सिंक, इनक्युबेटर, सक्शनच्या नळ्या, कर्मचाऱ्यांचे हात, सगळ्यांचे स्वॅब घेतले. सापडला तो सलाइनच्या बाटलीत. सकाळी उघडलेली एकच बाटली दिवसभर सगळ्या बाळांच्या आयव्ही लाइन फ्लश करायला वापरली जात होती. ती पद्धत बंद झाली, प्रत्येक बाळाला वेगळी छोटी ॲम्प्यूल सुरू झाली आणि नवीन केसेस थांबल्या. त्या बाळांपैकी एकाच्याही छातीला मी स्टेथोस्कोप लावलेला नव्हता. तू पत्रात लिहिलंयस की पेडियाट्रिक्सच्या पोस्टिंगमध्ये तुला 'ताप का आला हे शोधून काढणं' सगळ्यात जास्त आवडलं. ते वाचूनच मी एवढं सविस्तर उत्तर लिहायला बसले.

जगभरात २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार लोक दगावले असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. आपल्याकडे तर कोलिस्टिनसारखं जुनं, किडनीला त्रास देणारं औषध पुन्हा बाहेर काढावं लागतं, कारण मेरोपेनेमसारखं एरवी भरवशाचं अँटिबायोटिक चालत नाही. अशा वेळी कोणतं अँटिबायोटिक राखून ठेवायचं, कोणतं कधी थांबवायचं, हे ठरवायला हॉस्पिटलला मायक्रोबायोलॉजिस्ट लागतो. हॉस्पिटलला एनएबीएच ही दर्जाची मान्यता हवी तर संसर्ग नियंत्रण समिती आणि तिचं चालू काम दाखवावं लागतं, लॅबला एनएबीएलची मान्यता हवी तर आयएसओ १५१८९ या मानकाप्रमाणे सगळं बसवावं लागतं. या दोन कारणांनी गेल्या काही वर्षांत खासगी हॉस्पिटलांतही आमच्या लोकांना मागणी आली. पूर्वी मुंबई-पुण्याबाहेर ती जवळजवळ नव्हती. कोविडच्या सुरुवातीला नाशिकचे घशाचे स्वॅब पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) जायचे आणि रिपोर्टची वाट बघत माणसं ताटकळायची. जिल्ह्यात आरटीपीसीआर सुरू झाल्यावर फरक काय पडतो हे लोकांनी स्वतः अनुभवलं.

दुसरी वाट शिकवण्याची. एमडीनंतर एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी, मग सहायक प्राध्यापक, चार वर्षांनी सहयोगी, त्यापुढे तीन वर्षांनी प्राध्यापक. मधल्या काळात शोधनिबंध लागतात आणि बायोमेडिकल रिसर्चचा मूलभूत कोर्स करावा लागतो. कॉलेजं वाढत आहेत, शिक्षक त्या वेगाने मिळत नाहीत, त्यामुळे पदं रिकामी असतात. पण सरकारी नोकरीत बदली होते आणि खासगी कॉलेजात काही ठिकाणी पगार वेळेवर होत नाही, हेही डोळ्यांपुढे असू दे. तिसरी वाट संशोधनाची: पुण्याची एनआयव्ही, परळची हाफकिन, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इतर संस्था. पुढे शिकायचंच असेल तर डीएम व्हायरॉलॉजी ही विषाणूंवरची सुपरस्पेशालिटी पदवी आहे, इंग्लंडला जायचं असेल तर एफआरसीपॅथ ही तिथली परीक्षा आहे.

आता पीएसएम. या शाखेला घरचे लोक सगळ्यात जास्त नाक मुरडतात, आणि नाशिकमध्ये बसून ते मुरडावं याचं मला खरंच वाईट वाटतं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकला काही लाख माणसं एकाच दिवशी येणार, त्यांचं पाणी, शौचालयं, स्वयंपाक, डास, गर्दी. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन आहे का हे कोणीतरी रोज पहाटे तपासायचं असतं, कोणत्या सेक्टरमधून जुलाबाच्या केसेस नेहमीपेक्षा जास्त आल्या हे संध्याकाळी कोणीतरी बघायचं असतं. २००३ च्या कुंभात नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. गर्दीचं नियोजन हाही सार्वजनिक आरोग्याचाच विषय आहे. मालेगावात २०२२ मध्ये गोवराचा उद्रेक झाला तेव्हा घरोघर जाऊन लस न घेतलेली मुलं शोधणं, पालकांशी त्यांच्या भाषेत बोलणं, मौलवींना सोबत घेणं, हे काम हॉस्पिटलच्या खाटेवर होणारं नव्हतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांत कुपोषण आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झालं, त्याचं लक्ष्य २०४७ आहे. म्हणजे तुझ्या पूर्ण कारकिर्दीएवढं काम समोर आहे. पीएसएमवाल्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण-पाळत कार्यक्रमात सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर म्हणून घेत आले आहेत, दिल्लीच्या एनसीडीसीचा (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा) एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस हा साथींचा तपास शिकवणारा दोन वर्षांचा प्रशिक्षणक्रम आहे, स्वयंसेवी संस्था आहेत, राज्याचा आरोग्य विभाग आहे. फिरायची, आकडे वाचायची आणि ग्रामसभेत बसायची तयारी असेल तर ही शाखा फार मोठी आहे. एसी खोलीत स्थिर बसायचं असेल तर नको घेऊस.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पॅथॉलॉजी मिळत असेल तर ती सगळ्यात स्वतंत्र. स्वतःची लॅब टाकता येते, आणि लॅबच्या रिपोर्टवर पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टची सही हवी असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितल्यापासून त्या सहीचं वजनही वाढलं. शिवाय पॅथॉलॉजीतून डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजीला (रक्तविकारांच्या शाखेला) जाता येतं, म्हणजे पुन्हा पेशंटकडे. फार्माकॉलॉजीवाले औषध कंपन्यांत मेडिकल ॲडव्हायझर होतात, ड्रग सेफ्टीत जातात, पण त्यासाठी बहुतेकांना मुंबई गाठावी लागते. ट्रान्सफ्युजन मेडिसिनच्या (रक्तपेढीच्या शाखेच्या) जागा थोड्या, काम भरपूर. फॉरेन्सिकला कोर्टाच्या खेपा मोजून घ्याव्या लागतात. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी ज्याला शिकवायला मनापासून आवडतं त्यानेच घ्यावी.

पैशाचं स्पष्ट बोलू. सुरुवातीची पाच-सात वर्षं तुझे बालरोग आणि मेडिसिनवाले मित्र तुझ्यापेक्षा जास्त कमावतील. गंगापूर रोडला त्यांचं क्लिनिक उघडेल तेव्हा तू पगारावर असशील. पुढे अंतर कमी होतं, पण रेडिओलॉजीवाल्याची बरोबरी होत नाही. त्याबदल्यात रात्री दोनला लहान मूल घेऊन दारात कोणी उभं राहत नाही, नातेवाइकांचा मारहाणीपर्यंत जाणारा राग अंगावर येत नाही आणि क्लिनिकच्या कर्जाचा हप्ता नसतो. हा सौदा कोणाला पटतो, कोणाला नाही. तुझ्या वडिलांना तो पटवून द्यायचा असेल तर आकड्यांनी पटवून दे, भावनेने नको.

कारण त्यांचा प्रस्ताव मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. अभिमत विद्यापीठात हव्या त्या क्लिनिकल शाखेची तीन वर्षांची फी कोटीच्या घरात जाऊ शकते. बागेचा तुकडा म्हणजे पाण्याची सोय, मांडव, दहा-पंधरा वर्षं जपलेली वेल आणि घरातल्या बाकीच्यांचं उत्पन्न. ते विकून आलेली मुलगी पहिल्या दिवसापासून वसुलीच्या दडपणाखाली डॉक्टरकी करते. नको असलेली तपासणी लिहिण्याचा, सिझेरियनची घाई करण्याचा मोह तिथूनच सुरू होतो. सरकारी जागेवरचं मायक्रोबायोलॉजी आणि जमीन विकून घेतलेलं बालरोग, यांत मी एक क्षणही न घालवता पहिलं निवडीन.

मामांच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. बालरोगाची ओढ खरी असेल तर एकदा पुन्हा परीक्षा देणं रास्त आहे. पण एक वर्ष म्हणजे बारा महिने असं धरू नकोस. २०२४ ची नीट-पीजी जूनमधून ऑगस्टवर गेली, २०२५ चीही जूनमधून ३ ऑगस्टवर गेली. त्यानंतर समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, फेऱ्या हिवाळ्यापर्यंत लांबतात. दोन लाखांहून जास्त डॉक्टर बसतात, पेपर २०० प्रश्नांचा, चुकीला गुण वजा. यंदा तुझे गुण का कमी पडले हे कागदावर लिही. अभ्यासच अर्धा झाला होता, इंटर्नशिपच्या ड्युट्यांत वाचायला वेळ मिळाला नाही, असं असेल तर रँक सुधारायला जागा आहे. पूर्ण ताकदीने अभ्यास करून, तीन-चार वेळा उजळणी करूनही हाच रँक आला असेल तर आणखी एक वर्ष घालवून फार हलणार नाही. आणि जागा घेऊन, वर्षभराने सोडून, पुन्हा परीक्षा देऊ हा मधला मार्ग धरायचा विचार असेल तर सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतलं जागा सोडण्याबद्दलचं कलम आणि दंड आधी वाच. तू सोडलेली जागा रिकामी राहते, विभागाचा एक हात कमी होतो, हेही लक्षात घे.

२०२३ साली समुपदेशनासाठी पर्सेंटाइलची अट शून्यावर आणली गेली, कारण अशा शाखांच्या जागा भरत नव्हत्या. लोक हे उदाहरण देऊन म्हणतात, "बघा, कोणाला नको आहे." मी त्याचा दुसरा अर्थ लावते: मनापासून येणारी मुलगी या शाखेत फार लवकर वर येते, कारण गर्दीच नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेज निवडण्यावर वेळ घाल. मायक्रोबायोलॉजीत कॉलेजच्या नावापेक्षा त्याला जोडलेलं हॉस्पिटल किती वाहतं हे महत्त्वाचं. दिवसाला ब्लड कल्चर किती येतात? मशीनवर होतात की अजून हाताने? लॅब रात्री चालू असते का? मायक्रोबायोलॉजिस्ट आयसीयूच्या राउंडला जातो का, की लॅब आणि वॉर्ड एकमेकांचं तोंड बघत नाहीत? टीबीची कल्चर आणि औषध-संवेदनशीलता तिथेच होते का? हे विभागप्रमुखांना विचारू नकोस, दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठून विचार. लांबच्या, दिवसाला चार कल्चर येणाऱ्या कॉलेजापेक्षा मोठ्या सरकारी हॉस्पिटलची जागा केव्हाही घ्यावी. आपल्याकडे १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, जिल्हा रुग्णालयाला जोडून विद्यापीठाची पदव्युत्तर संस्थाही आता सुरू झाली आहे, आडगाव आणि घोटीजवळ खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घराजवळ राहायचं हा मोह समजू शकते, पण तीन वर्षांसाठी तरी हॉस्पिटलची वर्दळ घरापेक्षा वर ठेव. शिवाय आता प्रत्येक एमडी-एमएस विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. आमची बरीच मुलं ते महिने सुट्टीसारखे घालवतात. मला विचारशील तर छोट्या लॅबमध्ये साधनं कमी असताना काय जमतं हे शिकण्याची तीच जागा.

थिसिसचा विषय सीनियरच्या जुन्या थिसिसमधून उचलू नकोस. पहिल्या सहा महिन्यांत आराखडा द्यावा लागतो, म्हणून आतापासून विचार कर. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी भागातला स्क्रब टायफस हा ताप, एखाद्या आयसीयूमधल्या कॅथेटर संसर्गाचं प्रमाण आणि तो कमी करायला केलेले बदल, द्राक्षबागेतल्या फवारणीनंतर येणारे तापाचे रुग्ण, ज्यांत विषबाधा कोणती आणि संसर्ग कोणता हे सुरुवातीला कळत नाही. शेवटचा विषय तुझ्यासारखीला घरातूनच माहीत आहे. असा एक चांगला निबंध पुढे मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

या आठवड्यात एवढं कर: तू इंटर्नशिप करतेस त्याच हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजीत परवानगी घेऊन सकाळी नऊ ते एक असे पाच-सहा दिवस बस. प्लेट वाचताना कंटाळा आला, घड्याळाकडे लक्ष गेलं, तर पुन्हा परीक्षा दे, मी सुद्धा तेच सांगीन. कालच्या पेशंटच्या प्लेटवर आज काय वाढलं हे बघायला दुसऱ्या दिवशी तू दहा मिनिटं आधी पोचलीस, तर पसंतीक्रमात मायक्रोबायोलॉजी वर टाक. पीएसएमसाठीही तसंच, त्यांच्या ग्रामीण केंद्रावर दोन दिवस जा.

आता मावसभाऊ. वैद्यकीय महाविद्यालयातली एम.एस्सी. आणि एमडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला आधी सांग. विषयाचं नाव एकच असलं तरी. एम.एस्सी.ने तो डॉक्टर होत नाही, रुग्णाच्या उपचाराबद्दल मत देता येत नाही. त्याची मुख्य वाट शिकवण्याची आणि लॅबच्या तांत्रिक कामाची. शिकवण्याच्या बाबतीत नियम वारंवार बदलले. २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) बिगर-वैद्यकीय शिक्षकांचं प्रमाण ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीत १५ टक्क्यांवर आणलं आणि मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजीत दारच बंद केलं. अनेक जण मधल्या मध्ये अडकले. २०२५ च्या नव्या नियमांत या दोन विषयांतही एम.एस्सी.सोबत पीएच.डी. असणाऱ्यांना पुन्हा वाव दिला आहे. म्हणून त्याने नुसती एम.एस्सी. हे शेवटचं स्टेशन धरू नये, पीएच.डी. करायची तयारी असेल तरच यात पडावं. बायोकेमिस्ट्रीला मी मायक्रोबायोलॉजीपेक्षा जरा वर ठेवीन, मोठ्या लॅबमध्ये ऑटोमेशन आणि क्वालिटी कंट्रोलची माणसं सतत लागतात. आणि प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजातून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज कुठे काम करतात, हे त्यांच्याशीच फोनवर बोलून विचारावं. कॉलेजच्या कार्यालयाकडून ते नीट कळणार नाही.